झाडाखालचं पाणी बंद करताना

नळाची चावी गंजलेली.
दोन्ही हातांनी पिळली, तेव्हा कुठे
हिरवळीवरच्या आठही कारंज्यांनी
एकेक करून मान टाकली.
ग्रेटा लुंडीन पायरीवरून म्हणाली,
"जूनच्या तोंडावर? ओफेलिया, झाड मरेल."

बाई, ते मरतंय ते पाण्यानंच.

सांता इनेझच्या खोऱ्यातला हा ओक.
जन्मापासून त्याला एकच शिस्त ठाऊक:
हिवाळ्यात पोटभर प्यायचं,
मग मे ते ऑक्टोबर कडकडीत उपास.
रस्ता नंतर आला, घर त्याहून नंतर,
आणि एकोणनव्वद साली
मुलीच्या लग्नासाठी हॅरल्डने अंथरली हिरवळ,
गुंडाळ्या विकत आणून, सतरंजीसारखी.
लग्न तीन वर्षं टिकलं.
हिरवळ पस्तीस.

बुंध्याशी चढलेली माती मी बोटांनी उकरली.
फावडं नको. फावडं आंधळं असतं.
वीतभर खाली लागली झाडाची खरी कंबर,
रुंद, ओली, काळवंडलेली,
एका बाजूला सालीच्या आत
पंख्यासारखी पसरलेली पांढरी बुरशी.
अळंब्यांचा वास आला.
ग्रेटा वाकली, बघितलं,
आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिली.
"रोज संध्याकाळी पाणी द्यायचा तो याला.
शेवटच्या उन्हाळ्यातसुद्धा. खुर्ची टाकून."

यावर काय बोलणार.
मी माती उकरत राहिले.

उन्हाळाभर आम्ही काहीच लावलं नाही.
तिला हेच सगळ्यात जड गेलं.
गवत पिवळं पडलं, मग करडं.
शेजारचा पकेट कुंपणावरून विचारायचा,
"इथे काय, पार्किंग करताय?"
दंताळं मी गॅरेजात उंच टांगून ठेवलं:
गळलेलं पान उचलायचं नाही,
त्याचं पांघरूण त्याच्यावरच राहू दे.

तिला हव्या होत्या निळ्या हायड्रेंजिया.
कॅटलॉगचं पान दुमडून ठेवलेलं.
मी म्हटलं, सोयरीक करायची तर
आधी विचारावं, मुलगी पाणी किती पिते.
ही तर रोज बादलीभर मागेल,
आणि सासरा उपासाचा.
ती हसली. जूननंतर पहिल्यांदा.

नोव्हेंबरात जमीन मऊ झाली
तेव्हा आणली मुठीएवढ्या कुंड्यांतली रोपं.
मोठं रोप म्हणजे मोठा खड्डा,
मोठा खड्डा म्हणजे कुणाचं तरी मूळ तुटणार.
कॉफीबेरी, स्नोबेरी, रानटी आयरिस,
दाट सावलीत हमिंगबर्ड सेज,
कडेला फेस्क्यूचे झुबके.
मूळ लागलं की खुरपं सरकवायचं,
कुणाच्या झोपेवर पाय पडू नये तसं.
बुंध्याभोवती दोन पुरुष जागा मोकळी.
निळा जे पक्षी मात्र कुणाचं ऐकत नव्हता.
हवं तिथे एकोर्न पुरून मोकळा.

मग आला ऑगस्ट, आणि एका सकाळी
बुंध्याशी मला दिसलं
ओल्या मातीचं गोल वर्तुळ.
शेजारी खुर्चीच्या चार पायांचे ठसे.

रागवायला म्हणून मी दार वाजवलं.
तिने दार उघडलं, हात मागे लपवून.
पाइपाच्या पाण्याने बाही कोपरापर्यंत भिजलेली.

मी काहीच विचारलं नाही.
खुर्ची उचलली, नेऊन ठेवली
फांद्यांच्या सावलीच्या काठावर, रोपांपाशी.
म्हटलं, ही अजून लहान आहेत,
पहिल्या उन्हाळ्यात यांना लागतं,
महिन्यातून एकदा, झारीने, सावकाश.
बुंध्याकडे पाठ करून बसायचं.

झाड वाचेल का, मला माहीत नाही.
ओक उशिरा उत्तर देतो,
कधी दहा वर्षांनी.
ग्रेटा ब्याऐंशीची आहे.
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर
तिने प्रत्येक महिन्याच्या एका तारखेला
निळ्या पेनाने झारी काढलीय.
सप्टेंबरात दोन आहेत.
एक मी खोडली.
परवा गेले तर तिथे तिसरी होती.